समोरची प्लेट

आठल्ये सरांबद्दल लिहावं की लिहू नये, हे ठरवायला मला बरेच दिवस लागले. खरं लिहिल्यामुळे एखाद्याचं काय होऊ शकतं, ते मी त्यांच्याच बाबतीत पाहिलं आहे. पण ज्या माणसाचं नुकसान व्हायचं होतं ते होऊन गेलं आहे, आणि त्या माणसाला मी आधी विचारून आले. तो म्हणाला, "लिही, पण हॉटेलचं नाव नको." म्हणून नाव लिहीत नाही. राजाजीनगरमधलं साधं, जुनं हॉटेल आहे, एवढं पुरे.

तिथे मी रिसेप्शनवर काम करायचे. सकाळी कॉलेज आणि दुपारी दोनपासून हॉटेल. बी.कॉम.चं शेवटचं वर्ष होतं. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. अप्पा मालाची रिक्षा चालवतात. घरात आम्ही मराठी बोलतो, दाराबाहेर कन्नड, आणि दोन्हीची सरमिसळ कुठे होते ते आमचं आम्हालाही कळत नाही. एकदा मी फोनवर घरी सांगत होते, "अम्मा, आज स्वल्प उशीर होतो, तू जेवून घे." समोर चेक-इनसाठी उभे असलेले गृहस्थ फॉर्म भरता भरता थांबले.

"कुठली गं तू?"

"इथलीच सर."

"इथली म्हणजे? आईवडील कुठून आले?"

"ते पण इथलेच. पणजोबा पण. त्यांच्या आधीचं माहीत नाही."

ते हसले. "म्हणजे तुझी मराठी तीनशे वर्षांपूर्वी घरातून निघाली, ती अजून परतलीच नाही. माझ्यासारखंच झालंय तिचं."

आठल्ये सर पुण्याचे. बिस्किटांचे पुडे बांधणाऱ्या यंत्रांच्या कंपनीत होते. विकलेली यंत्रं बिघडली की दुरुस्त करायला गावोगाव फिरायचे. बंगळूरला दर महिन्याला चार दिवस. वय साठीच्या जवळ, अंगात अर्ध्या बाह्यांचा शर्ट, खिशात पेन आणि त्याच्या शेजारी छोटी बॅटरी. बॅगेच्या मुठीला हिरव्या काठाची एक पट्टी बांधलेली असायची. विमानतळावर बॅग ओळखता यावी म्हणून बायकोने ती आपल्या साडीची फाडून बांधली होती. "साडी केव्हाच गेली," ते म्हणायचे, "पट्टी अजून फिरतेय."

त्यांची यंत्रं होती होसकोट्याला, म्हणजे शहराच्या दुसऱ्या टोकाला. राजाजीनगरहून तिथे जायला टॅक्सीने दोन तास आणि यायला दोन तास. मी विचारलं, तर म्हणाले, "पूर्वी आमचं गिऱ्हाईक इथेच जवळ होतं. त्याने कारखाना तिकडे हलवला. कंपनीने माझं हॉटेल हलवलं नाही. कंपनीची पद्धत." मला ते खरं वाटलं. पुढे एकदा त्यांच्या ऑफिसातून फोन आला. पलीकडची मुलगी वैतागून म्हणाली, "तुम्ही तरी सांगा त्यांना. होसकोट्याजवळचं चांगलं हॉटेल आम्ही दर महिन्याला सुचवतो, ते दर महिन्याला नको म्हणतात." मी त्यांना ते सांगितलं नाही. का नको म्हणतात, ते मला तेव्हा कळलेलं नव्हतं.

त्यांच्याकडे एक निळी वही होती. हॉटेलं, विमानं, संध्याकाळी पाहिलेली शहरं, सगळ्यांबद्दलची मतं त्यात लिहिलेली. कधी कधी लॉबीतल्या सोफ्यावर बसून त्यातलं मला वाचून दाखवायचे. मला विमानाचा अनुभव नव्हता, अजूनही नाही. मी विचारलं होतं, "सर, विमानात खिडकीजवळ बसता का?"

"मधल्या सीटवर."

"मधली तर कुणालाच नको असते ना?"

"म्हणूनच ती नेहमी मिळते. आणि तिथे दोन शेजारी असतात." मग वहीत पाहत म्हणाले, "पण त्याचा उपयोग नाही. एक झोपतो, दुसरा कानात बोळे घालतो. विमान उतरलं की दोघंही एकदम बोलायला लागतात, फोनवर."

विमानातल्या उपम्याबद्दल त्यांनी लिहिलं होतं, 'कागदी पेल्यात गरम पाणी ओततात आणि तीन मिनिटं थांबायला सांगतात. ती तीन मिनिटं उपम्यापेक्षा बरी असतात.' हॉटेलांबद्दल त्यांचं म्हणणं असं की, खोली पाहून काही कळत नाही, कारण पांढरी चादर सगळीकडे सारखीच. "सकाळी डोळे उघडले की गाव कुठलं ते चादर सांगत नाही. म्हणून मी पडदा उघडा ठेवून झोपतो." तरीही घोळ व्हायचा. एकदा ते खाली येऊन तक्रार करू लागले की, खोलीचं कार्ड चालत नाही, चारशे बाराचं. आमच्या हॉटेलला चौथा मजलाच नाही. मी हळूच तसं सांगितलं. त्यांनी हातातल्या कार्डाकडे पाहिलं आणि म्हणाले, "अरेच्चा, ते इंदूर."

बंगळूरच्या पबांबद्दल सगळे बोलतात, म्हणून आपणही पाहायला हवं, असं त्यांना वाटायचं. फिरतीवरच्या माणसाने गाव संध्याकाळी पाहावं, हा त्यांचा नियम होता. इंदिरानगरमधल्या एका पबाबद्दलचं पान त्यांनी मला वाचून दाखवलं होतं. 'माणसं एकमेकांच्या कानात ओरडतात आणि मग दोघंही हसतात. काय बोललं गेलं ते बहुधा दोघांनाही कळलेलं नसतं, पण दोघांना ते चालतं. दारावरच्या मुलाने मला विचारलं, सर, कुणी येणार आहे का? तोंडातून हो निघून गेलं. मग मला पाऊण तास वाट पाहावी लागली.'

ते वाचून ते हसले. मीही हसले, पण मला नीट हसता आलं नाही.

रोज बरोबर आठ वाजता त्यांच्या बायकोचा फोन यायचा. खोलीत नेटवर्क नीट नसायचं, म्हणून ते लॉबीत येऊन बसायचे. बोलणं ठरलेलं. "हो, आलो मघाशीच. हो, जेवलो. तू?" फोन ठेवायचे, आणि मग जेवायला जायचे. दोन-तीन महिन्यांनी हे माझ्या लक्षात आलं. इतकं खरं बोलणारा, चादरीलासुद्धा न सोडणारा माणूस रोज हे एवढंच खोटं बोलतो, याचं मला नवल वाटलं. एके दिवशी धीर करून विचारलं.

"नाही जेवलो म्हटलं की ती विचारते, कुणाबरोबर जेवणार," ते म्हणाले. "त्याचं उत्तर दर वेळी एकच. तिला उगाच वाईट वाटतं."

"घरी गेल्यावर तर बरोबर जेवता ना सर?"

"घरी? घरी गेलो की पहिल्या दिवशी मला दिव्याची बटणं सापडत नाहीत. आणि ती विचारते, किती दिवस आहात? तुम्ही लोक विचारता तसं. तिची चूक नाही. तिला भाजी किती आणायची ते ठरवायचं असतं."

आता शिवण्णांबद्दल सांगायला हवं. शिवण्णा आमच्या वरच्या मजल्यावरच्या जेवणाच्या हॉलमधले सगळ्यांत जुने वेटर. बावीस वर्षं तिथेच. उजवा गुडघा दुखायचा म्हणून चालताना जरा एका बाजूला कलायचे. हॉटेलात नियम असा की, टेबलावर एकटा माणूस बसला की समोरची प्लेट, ग्लास, चमचे उचलून न्यायचे. सगळीकडेच असा नियम असतो म्हणतात. आठल्ये सरांनी मला सांगितलं होतं, "मला ना, त्या प्लेटा उचलतानाचा आवाज आवडत नाही. लगबगीने उचलतात. जणू कुणी येणार होतं, ते नाही आलं, आणि आता सगळ्या हॉलला ते कळलं पाहिजे." पहिल्यांदा आमच्याकडे जेवायला बसले तेव्हा ते शिवण्णांना म्हणाले होते, "राहू दे ती." शिवण्णांनी कारण विचारलं नाही. त्यानंतर पाच वर्षं त्यांनी ती प्लेट कधी उचलली नाही. सर येणार असले की सांगावंही लागायचं नाही.

शिवाय कॉफी. हॉटेलची कॉफी यंत्रातून यायची आणि ती कुणालाच आवडायची नाही. संध्याकाळी साडेसहाला सर होसकोट्याहून परत आले की, शिवण्णा रस्त्यापलीकडच्या दर्शिनीतून, म्हणजे आमच्याकडच्या उभ्याने खायच्या छोट्या उपाहारगृहातून, स्वतःच्या स्टीलच्या थर्मासमध्ये फिल्टर कॉफी आणायचे. हॉल तेव्हा रिकामा असायचा. दोघं ती कॉफी प्यायचे. शिवण्णा गुडघ्यामुळे समोरच्या खुर्चीवर बसायचे, दहा मिनिटं. दोघांचं हिंदी सारखंच मोडकं. मी कधी रजिस्टर द्यायला वर गेले तर कानावर पडायचं, "सार, आप का गुडघा कौन सा?" "डावा." "मेरा उजवा." गुडघ्याला हिंदीत काय म्हणतात ते दोघांनाही ठाऊक नव्हतं. शिवण्णांनी सरांचाच शब्द उचलला होता.

मग नवे मॅनेजर आले. मोठ्या हॉटेलातून आले होते. वाईट माणूस नव्हते, हे मला सांगायलाच हवं. कॉलेजच्या परीक्षेसाठी त्यांनी मला सुट्टी दिली होती. त्यांनी अभिप्रायाचे फॉर्म सुरू केले आणि भरलेले फॉर्म दर आठवड्याला मालकांकडे जायचे. आठल्ये सरांनी फॉर्म भरला, मागच्या कोऱ्या बाजूवर, पूर्ण पानभर, मराठीत. "राग आणि कौतुक मला दुसऱ्या भाषेत जमत नाही," ते म्हणाले. ते पुण्याला गेल्यावर मॅनेजरांनी तो कागद माझ्यापुढे ठेवला. मराठी वाचणारी तिथे मी एकटीच. म्हणाले, इंग्रजीत टाइप करून दे.

त्या कागदावर गळणारा नळ होता, लिफ्टमधला वास होता. आणि शेवटी लिहिलं होतं, 'या हॉटेलात मी परत परत येतो त्याचं कारण शिवण्णा. इथली कॉफी पिण्यासारखी नाही, म्हणून तो बाहेरून स्वतःच्या थर्मासमधून आणतो. एकट्या माणसाची दुसरी प्लेट उचलायची नसते हे त्याला सांगावं लागत नाही. दहा मिनिटं समोर बसतो. देशभरातल्या हॉटेलांत माझ्यासमोर बसलेला तो एकटाच.'

'समोर बसतो' इथे माझा हात थांबला होता. हे खोटं नाही. पण माझ्या मनात काहीतरी आलं. काय, ते मला तेव्हा नीट सांगता आलं नसतं. विचारायला कुणी नव्हतं. घरी अप्पांना विचारलं असतं तर ते म्हणाले असते, तू शिकलेली, तुला कळतं. मला वाटलं, गाळलं तर ते चूक ठरेल. प्रश्नपत्रिकेत एखादा भाग सोडल्यासारखं. मी शब्दकोश काढला आणि एकही शब्द न गाळता सगळं इंग्रजीत लिहिलं. आपलं इंग्रजी बरं जमलं, याचा त्या संध्याकाळी मला आनंद झाला होता. हे लिहिताना लाज वाटते, पण झाला होता.

मॅनेजरांनी त्यात तीन गोष्टी वाचल्या. बाहेरचे पदार्थ हॉलमध्ये आणणं, टेबल न आवरणं आणि पाहुण्याबरोबर बसणं. शिवण्णांना त्यांनी तो कागद वाचून दाखवला आणि महिनाअखेरपासून येऊ नका म्हणून सांगितलं.

पुढच्या महिन्यात सर आले तेव्हा मी काही बोलले नाही. आठला त्यांचा फोन झाला, ते वर जेवायला गेले. पाचच मिनिटांत खाली आले.

"सुमित्रा, प्लेट उचलली."

"हो सर."

"शिवण्णा सुट्टीवर आहे का?"

मी सगळं सांगितलं. भाषांतर मी केलं, हेही सांगितलं. ते काउंटरला धरून उभे होते. मला वाटलं, रागावतील. ते म्हणाले, "तू एक अक्षर गाळलं नाहीस?"

"नाही सर."

"बरोबर केलंस," ते म्हणाले. मग म्हणाले, "मीच गाळायला हवं होतं."

त्या रात्री ते जेवले नाहीत. सकाळी त्यांनी आणखी एक फॉर्म भरून ठेवला होता. 'मागच्या वेळी मी लिहिलं ते चुकीचं होतं. कॉफी मीच बाहेरून आणत होतो. शिवण्णा कधीही खुर्चीवर बसले नाहीत.' दुपारी मी कामावर आले तेव्हा त्यांनी होसकोट्याहून फोन केला.

"सर, हे खरं नाही," मी म्हटलं.

"माहीत आहे. तू लिही."

मी लिहिलं. मॅनेजरांनी वाचलं आणि म्हणाले, "भला माणूस आहे." कागद बाजूला ठेवून दिला. बस. एवढ्या वर्षांच्या खऱ्यानंतर त्यांनी एकदा खोटं लिहिलं, आणि ते कुणाच्याच कामी आलं नाही.

मग त्यांनी शिवण्णांना शोधायचं ठरवलं. हॉटेलच्या आचाऱ्याला एवढंच माहीत होतं की, ते जे. पी. नगरला मुलीकडे राहतात आणि जावयाची दर्शिनी आहे. सर त्या खेपेला दोन दिवस जास्त राहिले. शनिवारी आम्ही मेट्रोने गेलो. सबंध वाटेत ते ओठांतल्या ओठांत हिंदी वाक्यं जुळवत होते. मला दोनदा विचारलं, "क्षमा हिंदीत कशी मागतात गं? माफी म्हणजे फार हलकं वाटतं."

दर्शिनी एवढीशी होती. खुर्च्या नाहीतच, छातीइतक्या उंचीची चार गोल स्टीलची टेबलं. काउंटरमागे पंचा नेसलेला एक माणूस चटणी वाढत होता. सर त्याच्यावरून नजर फिरवून आत शोधायला लागले. पांढऱ्या-काळ्या कपड्यांशिवाय त्यांनी शिवण्णांना कधी पाहिलंच नव्हतं.

"सार! बन्नी, बन्नी," या, या, असं शिवण्णाच म्हणाले.

सरांची सगळी जुळवलेली वाक्यं गेली. "शिवण्णा, मैंने अच्छा लिखा था," एवढंच म्हणाले.

"मालूम सार. मॅनेजर पढ के सुनाया. बहुत अच्छा लिखा." शिवण्णांनी हात पंच्याला पुसले. "बावीस साल में मेरे बारे में कोई कुछ नहीं लिखा. वो कागद मांगा मैं. नहीं दिया."

सरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला. "मैं फिर से लिख के देता हूँ. अभी."

"नक्को सार." शिवण्णांनी पटकन त्यांचा हात धरला. "अब लिखना नक्को. मुँह से बोलो."

सरांनी पेन सोडलं. यंत्रं, चादरी, उपमा, गावंच्या गावं, कशाबद्दल त्यांना बोलता आलं नव्हतं? पण तिथे शब्द सापडेना. मी दुसरीकडे बघत होते. शेवटी ते म्हणाले, "कॉफी अच्छी थी."

"सरी सार," शिवण्णा म्हणाले, म्हणजे बरं सर, आणि आत जाऊन कॉफी घेऊन आले. एक आमच्या टेबलावर सरांपुढे, एक माझ्यापुढे. स्वतःसाठी आणली नाही. गिऱ्हाईक वाढलं होतं. ते काउंटरमागे गेले आणि आम्ही निघेपर्यंत बाहेर आले नाहीत. परत येताना मेट्रोत शेजारी जागा असूनही सर उभेच राहिले.

त्यानंतर ते चार-पाच महिने आणखी आले. फॉर्म भरायचे थांबले. शेवटच्या फॉर्मवर फक्त नाव आणि खोली नंबर होता. वहीही मी पुन्हा पाहिली नाही. होसकोट्याहून ते संध्याकाळी हॉटेलवर येत, बॅग ठेवत आणि मेट्रोने जे. पी. नगरला जात. परत येईपर्यंत माझी सुट्टी झालेली असायची, त्यामुळे तिथे काय बोलणं होतं ते मला ठाऊक नव्हतं. विचारलं तर म्हणायचे, "काही नाही. डोसा खातो. तो कामात असतो." आठचा फोन मात्र आता लॉबीत येत नव्हता.

मग एक दिवस म्हणाले, "ही शेवटची खेप. आता यंत्र बिघडलं की मोबाइलवर दाखवायचं, आमची पोरं पुण्यातून सांगणार कुठला स्क्रू पिळायचा. आणि माझंही वय झालं." दुसऱ्या दिवशी सकाळचं विमान. विमानतळ लांब, म्हणून शेवटच्या रात्रीची खोली कंपनीने तिकडेच घेतली होती. जाण्याआधी ते शिवण्णांना भेटायला निघाले. माझा सुट्टीचा वार होता. बॅग घेऊन मेट्रोचे जिने चढावे लागतील म्हणून मी बरोबर गेले.

संध्याकाळची गर्दी ओसरत आली होती. सर त्यांच्या नेहमीच्या टेबलाशी, भिंतीकडच्या, उभे राहिले. हिरव्या पट्टीची बॅग पायाशी. शिवण्णांनी माझ्यासाठी इडली आधीच दिली, ती मी खाल्ली आणि हात धुवायला मागे गेले. परत येताना पाहिलं तर शिवण्णा काउंटरचं फळकूट उचलून बाहेर येत होते. हातात दोन प्लेटा. एक सरांपुढे ठेवली, एक समोर. त्या समोरच्या प्लेटशी ते स्वतः उभे राहिले, दुखरा गुडघा जरा वाकवून, आणि डोसा मोडून खायला लागले. सगळेच उभे असतात तिथे. कुणी वळून पाहिलं नाही.

आठ वाजले असावेत. सरांचा फोन वाजला. मी नळाशीच थांबले.

"हो, निघालोय... नाही, अजून नाही जेवलो." पलीकडून काहीतरी विचारलं गेलं. सरांनी समोर पाहिलं. शिवण्णांचा घास तोंडात होता. त्यांनी हातानेच खूण केली, माझं नाव नको. "कुणाबरोबर म्हणजे... अगं, मोठी गोष्ट आहे ती. घरी आल्यावर सांगतो." पलीकडचा पुढचा प्रश्न ऐकून ते म्हणाले, "किती दिवस काय? आता आहेच मी."

फोन खिशात ठेवून ते जेवायला लागले. समोरच्या प्लेटमधली चटणी संपली होती. सरांनी खाली मान घालूनच आपली वाटी पलीकडे सरकवली.